२४ पेडस्टल, २४ देणगीदार : शिल्पप्रदर्शनासाठी निधी उभा करताना

खान्देशात हरिनाम सप्ताहाला पैसे कमी पडत नाहीत. तिथं कोणी 'मदत करा' म्हणत नाही, 'तिसऱ्या दिवसाची पंगत घेता का?' असं विचारतात. घेणाऱ्याला आपल्या पैशाचं काय होणार ते डोळ्यांसमोर दिसतं. शिल्पप्रदर्शनासाठी निधी गोळा करताना आम्ही नेमकं हेच विसरलो. पहिलं पत्र 'यथाशक्ती सहकार्य करावे' असं गेलं, आणि महिनाभरात हॉलचं एका दिवसाचं भाडंही जमलं नाही. मग अंदाजपत्रकाच्याच पंगती पाडल्या.

धुळ्याजवळच्या एका शिल्पकाराची २४ शिल्पं आणि जळगावात सात दिवसांचं प्रदर्शन, असा बेत होता. एका शिल्पाच्या ब्राँझच्या सहा प्रतींचं कास्टिंग म्हणजे ओतकाम २,१०,००० रुपये, मांडणी-आवराआवरीचे दोन दिवस धरून नऊ दिवसांचा हॉल ५४,०००, पेडस्टल म्हणजे शिल्पांखालचे चौथरे ८४,०००, दिवे ३८,०००, वाहतूक आणि हमाली ६२,०००, कॅटलॉगच्या ५०० प्रती ७५,०००, विमा १२,०००. त्यावर दहा टक्के राखीव धरले, म्हणजे एकूण ५,८८,५००. राखीव रक्कम आधी काढून टाकण्याचा मोह होतो. काढू नये.

पेडस्टल आणि दिवे मिळून १,२२,००० होत होते. २४ ने भागले तर एका शिल्पामागे पाच हजारांच्या थोडं वर. म्हणून '५,१०० रुपयांत एक पेडस्टल आणि त्यावरचा दिवा' अशी पंगत ठेवली. शिक्षक, डॉक्टर, केळीचे बागायतदार, सगळ्यांना ती पेलली, आणि सर्वांत आधी हीच संपली. पेडस्टल १८ मिलिमीटर प्लायचं, एक फूट बाय एक फूट, तीन फूट उंच. त्याला १३ चौरस फूट प्लाय लागतो, म्हणजे आठ बाय चारच्या एका शीटमध्ये दोनच बसतात. जड शिल्पाखाली आत लोखंडी अँगल घालावा आणि तळाशी वाळूची पोती ठेवावीत, नाहीतर गर्दीत धक्का लागून पेडस्टल डोलतं.

हॉलचे दिवस ६,००० रुपयांना एक असे दिले. सातही गेले, पण मांडणीचा आणि आवराआवरीचा दिवस कोणी घेईना, कारण त्या दिवशी बघायला काहीच नसतं. असे दिवस सुटे ठेवूच नयेत. उद्‌घाटनाच्या आणि समारोपाच्या दिवसाला ते जोडून त्यांचा दर तसा ठेवावा. आम्हाला हे उशिरा कळलं आणि १२,००० राखीव रकमेतून गेले.

खरी अडचण एकूण रकमेची नव्हती, वेळेची होती. कपाशीचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो आणि देणग्याही तेव्हाच. प्रदर्शन जानेवारीतच हवं, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात दुपारी कोणी फिरकत नाही, आणि त्या उन्हात, ब्राँझ ओतण्याआधी करतात त्या मेणाच्या प्रतीची बोटं-नाक हाताळता हाताळता बसतात, दुरुस्तीचं काम होत नाही. मात्र जानेवारीसाठी फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, ऑर्डर सप्टेंबरअखेर द्यावी लागते, आणि फाउंड्री निम्मे पैसे आधी मागते. ब्राँझमधल्या तांब्याचा भाव हलता असल्यानं तिचं कोटेशन पंधरा दिवसच चालतं.

हे निम्मे, म्हणजे १,०५,०००, एका शिल्पाच्या आगाऊ नोंदणीतून आले. जात्यावर दळणारी बाई, उंची दहा इंच, एकूण नऊच प्रती, त्यांतल्या सहा या वेळी, प्रत्येकीवर क्रमांक. किंमत ६०,०००, निम्मे आधी आणि निम्मे प्रत हातात आल्यावर. चार नोंदण्यांत आगाऊ रक्कम भागली आणि त्याच चौघांच्या उरलेल्या पैशांत सगळं कास्टिंग निघालं. दोन प्रती प्रदर्शनात विक्रीला राहिल्या.

या नोंदणीला जळगावचा सराफ बाजार फार उपयोगी. दागिन्याचं ओतकाम मेणावरूनच होत असल्यानं सराफाला प्रक्रिया समजावावी लागत नाही. तो मेणाची प्रत तळहातावर तोलतो आणि पहिला प्रश्न वजनाचा करतो. साडेसहाशे ग्रॅम मेण म्हणजे साधारण सहा किलो ब्राँझ. पुढचा प्रश्न ठरलेला : सहा किलोचे साठ हजार कसे? इथं कलेवर भाषण देऊ नये. मोल्ड, मेण, साचा, भट्टी, ओतल्यानंतर नळ्या कापून वेल्डिंग, घासकाम, पॅटिना म्हणजे ब्राँझवर चढवलेला रंग आणि शिल्पकाराची मजुरी, असा तपशील कागदावर पुढे ठेवावा. घडणावळ म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला कळतं?

इतर ठिकाणी प्रश्न वेगळा येतो : 'पुतळा कोणाचा आहे?' शिल्प म्हणजे चौकातला पुतळा, ही समजूत पक्की आहे. धुळ्याच्या बाजूला गोंदूरच्या शिल्पकार राम सुतारांचं नाव काढलं की आस्था लगेच जागी होते, पण अपेक्षाही भव्य पुतळ्याचीच होते. म्हणून सोबत एक लहान टेराकोटा, म्हणजे भाजल्या मातीचं शिल्प, न्यावा आणि हातात द्यावा. यावल-रावेरकडे फैजपूरची आठवण कामी आली. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या साहित्यातून केली होती, आणि ते आजही तिथल्या लोकांच्या अभिमानाचं आहे.

हिशेबाचे दोन कप्पे पहिल्या दिवसापासून वेगळे हवेत. शिल्पांच्या नोंदणीचे पैसे थेट शिल्पकाराच्या खात्यात, प्रदर्शनाच्या देणग्या ट्रस्टच्या. नोंदणी नसलेल्या मंडळानं लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, म्हणून कलाशिक्षणाचं उद्दिष्ट असलेला नोंदणीकृत ट्रस्ट सोबत घेतला. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, तेव्हा ५,१०० चेकनं किंवा यूपीआयनंच घ्यावेत आणि पॅन त्याच वेळी लिहून घ्यावा. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलतच नाही, हे देणगीदाराला आधीच सांगावं. कॅटलॉगमधली जाहिरात ही देणगी नव्हे. तिचं बिल द्यायचं, व्यापारी ती धंद्याच्या खर्चात धरतो. मागचं कव्हर २५,०००, आतली दोन कव्हरं प्रत्येकी १५,००० आणि शेवटची चार पानं प्रत्येकी ५,००० एवढ्यातच छपाईचे ७५,००० निघाले. शिल्पांच्या फोटोंमध्ये एकही जाहिरात घेतली नाही, आणि घेऊही नये.

वाहतुकीला पैशांऐवजी गाडी मागितली, तर केळीच्या गाड्या मिळाल्या. पण दोन बाय दीड बाय दीड फुटांचा बेसॉल्टचा दगडच सुमारे ३७० किलो भरतो. त्याला तिपाई आणि चेनपुली लागते, म्हणून हमालीचा खर्च टळला नाही. आणखी एक गोष्ट : गाडी फुकट असली तरी बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक-पावती, करावीच. उतरवताना एका टेराकोटाचा कान तुटला, आणि बिल्टी नसल्यानं विम्याचा दावा उभाच राहिला नाही.

तोंडी आकडे जमेत धरू नयेत, खात्यात आलेलेच धरावेत. आणि समारोपानंतर आठवड्याच्या आत प्रत्येकाला त्याच्या पेडस्टलचा, वरच्या शिल्पासह काढलेला फोटो, पावती आणि पूर्ण हिशेबाचं एक पान पाठवावं. पेडस्टल खिळ्यांनी नाही, स्क्रूनं जोडली होती. ती उघडून फळ्यांवर क्रमांक टाकले आणि पुढच्या शिल्पकारासाठी ट्रस्टच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली आहेत.