व्रोत्स्वाफचे बुटके आणि आमची शंकरपाळी

पोलंडला जायचं ठरलं तेव्हा लेकीची एकच अट, बुटके बघायचेच. स्पेलिंग वाचून मी व्रॉक्लॉ म्हणत होते, तिकीट खिडकीवरच्या बाईने दोनदा ऐकून हळूच सांगितलं, व्रोत्स्वाफ. तर या गावात फूटभर उंचीचे ब्राँझचे शेकडो बुटके आहेत आणि बहुतेक सगळे कामात!

मला आधी वाटलं टुरिस्टांना गंडवायचा प्रकार असणार (थोडा आहेच). पण पहिला पुतळा 2001 ला श्वीदनित्स्का रस्त्यावर बसला त्याची गोष्ट वेगळीच निघाली. 80 च्या दशकात कम्युनिस्ट सरकारविरुद्ध कोणी भिंतीवर घोषणा लिहिली की सरकारी माणसं त्यावर रंग फासून जायची, भिंतीवर नुसते डाग उरायचे. 1982 मध्ये वाल्देमार फिद्रिख या सरकारविरोधी कार्यकर्त्याने त्या डागांवरच बुटके काढायला सुरुवात केली. आता बुटका काढला म्हणून पोरांना धरलं तर चौकीत गुन्हा काय लिहिणार सांगा! 1 जून 1988 ला तर हजारो लोक टोप्या घालून बुटके बनूनच रस्त्यावर आले.

बाकीची वस्ती 2005 पासूनची, पहिले पाच तोमाश मोचेक या शिल्पकाराचे. जुन्या खाटीक गल्लीत खाटीक, विद्यापीठापाशी तलवारवाला, आणि ओद्रा नदीजवळ कपडे धुणारा, हा माझा लाडका. पोलिश गोष्टींतले बुटके म्हणजे क्रास्नोलुदकी, क्रास्नी म्हणजे जुन्या भाषेत लाल, टोपीवरून. माणसं झोपली की हे घरातली कामं उरकतात म्हणे. लेक लगेच, "मग याचे स्वतःचे कपडे कोण धुतं गं आई?" मी म्हटलं, बायको. ती म्हणाली, "पण इथे तर तोच धुतोय." नवरा तोपर्यंत नदीचे फोटो काढण्यात फार बिझी झाला होता.

श्वीदनित्स्कावर दोघं एक दगडी गोळा ढकलतायत, एक इकडून एक तिकडून, गोळा जागचा हलत नाही. त्यांच्यासमोर आमचं हॉटेल डावीकडे की उजवीकडे यावर वीस मिनिटं गेली, लेकीने आमचाही फोटो काढला.

निघताना तिने धुणंवाल्यापुढे डब्यातल्या दोन शंकरपाळ्या ठेवल्या, रात्री भूक लागेल म्हणून. आम्ही चार पावलं जातोय तोवर कबुतर आलं. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, "त्यानेच बोलावलंय, त्याला साजूक तुपातलं चालत नसेल."