कापलेल्या वी बोर्डमधला शॉर्ट कसा शोधायचा

निन्टेन्डो वी या गेम कन्सोलचा हातात धरायचा पोर्टेबल करताना बोर्ड कापून लहान केला आणि नंतर तो चालूच होईना, की पहिला संशय प्रोसेसरवर जातो. पण खोट बहुतेक वेळा कापलेल्या कडेला असते. बोर्डच्या आत तांब्याचे थर असतात. कटिंग डिस्क ते तांबं ओढून शेजारच्या थराला चिकटवते. कड आधी ४०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने, ओलीच घासा. भिंगातून थर सुटे दिसले पाहिजेत. कोरडं घासू नका, त्या धुळीत काचेचे तंतू असतात. कापताना तोंडावर मास्क हवाच. नंतर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवून नीट सुकवा. मुंबईच्या पावसाळी हवेत बोर्डवर राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगला लावतात तो चिकट पदार्थ) ओल धरतो आणि रीडिंग फसवं येतं.

शॉर्ट असल्यावर वाजणाऱ्या मल्टिमीटरच्या बीपवर मात्र विसंबू नका. वीला १, १.१५, १.८ आणि ३.३ व्होल्टच्या वीजपुरवठ्याच्या लाइन लागतात. त्यातल्या १ व्होल्टच्या लाइनचा ग्राउंडशी रोध मुळातच कमी असतो, त्यामुळे चांगल्या बोर्डवरही बीप वाजू शकतो. चारही लाइनचे ओहम कापण्याआधीच लिहून ठेवा. प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. कापल्यावर एखादी लाइन जवळजवळ शून्यावर आली असेल, तरच तो शॉर्ट.

कड घासूनही शॉर्ट जात नसेल तर बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा वीजपुरवठा) घ्या आणि ती लाइन व ग्राउंड यांना जोडा. ०.५ व्होल्ट, १ अँपिअर मर्यादा, आणि व्होल्टेज त्या लाइनच्या ठरलेल्या व्होल्टेजच्या वर कधीच नको. बोर्डवर आयपीए पसरा. जिथे ते आधी उडतं, शॉर्ट तिथे. कडेजवळचा सिरॅमिक कपॅसिटर कापताना बोर्ड वाकल्यामुळे तडकलेला सापडतो. तो काढा आणि पुन्हा मोजा.

पॅड (सोल्डर करायचा तांब्याचा ठिपका) उखडला असेल तर ट्रॅकवरचा हिरवा सोल्डर मास्क, म्हणजे संरक्षक थर, ब्लेडने हलक्या हाताने खरवडा, ०.१ मिमीची एनॅमल तार सोल्डर करा आणि वर यूव्ही प्रकाशात घट्ट होणारा सोल्डर मास्क लावा. ही तार फक्त सिग्नलसाठी. १ व्होल्टच्या लाइनला २८ गेजची १० सेंमी तार वापरली आणि ३ अँपिअर करंट धरला, तर ६० मिलिव्होल्टहून जास्त तारेतच जातात, म्हणजे ६ टक्के. ग्राउंडच्या तारेतली घट त्यावर आणखी. २० गेजच्या तारेत हीच घट १० मिलिव्होल्ट. अशी तार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते, सिलिकॉन आवरणाची मागा. व्होल्टेज हे रेग्युलेटरपाशी नव्हे, बोर्डच्या पॅडवर आणि लोड चालू असताना मोजा.