फ्लेक्सवरचे हवालदार

सिव्हिल लाइन्समधल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात माजी सैनिक येतात ते बहुतेक पेन्शनसाठी. 'स्पर्श' या पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर जन्मतारीख चुकलेली असते, अपंगत्वाचा टक्का कमी धरलेला असतो, नाहीतर विधवेची फॅमिली पेन्शन अडकलेली असते. कागद मात्र या लोकांइतके नीट कोणीच ठेवत नाही. गेल्या जानेवारीत, महापालिकेचा प्रचार ऐन भरात असताना, लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. फाइलमध्ये सगळ्यात वर स्वतःच्या हाताने लिहिलेला माफीनामा होता.

"मॅडम, यातली भाषा तेवढी बरोबर करून द्या जी. सही करून टाकतो."

माफी कशाची, हे दुसऱ्या कागदावरून कळलं. आपल्या प्रभागातल्या एका उमेदवाराच्या सभेत ते माइकवर बोलले होते. पाण्याच्या लाइनवर थोडं आणि सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेवर बरंच. चार वर्षांनी शंभरातल्या पंचाहत्तर पोरांना घरी पाठवायचं, मग त्यांनी पहाटे उठून ग्राउंडवर धावायचं तरी कशासाठी, असा त्यांचा सवाल. पुतण्या भरतीची तयारी करतो, म्हणून ते पोटतिडकीने बोलले. व्हिडिओ फिरला आणि माजी सैनिकांच्या एका संघटनेच्या पदाधिकाऱ्याचं पत्र घरी आलं. लेटरहेडवर तलवारी, जावक क्रमांक, गोल शिक्का. मजकूर असा, की तुम्ही आजही आर्मी ॲक्टखाली आहात, जाहीर माफी मागा, नाहीतर पेन्शन, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आणि कॅन्टीन कार्ड बंद करण्याची शिफारस केली जाईल. वर्दीचा गैरवापर केल्याचा फौजदारी गुन्हाही दाखल होईल. कलम कोणतं, हे पत्रात कुठेच नव्हतं. वकिलाने पत्रात आधी तेच शोधायचं असतं आणि ते नसलं की बाकी पत्राचं वजन कळतं.

त्यात पुतण्याने मोबाइलवर अमेरिकेची बातमी दाखवलेली. नौदलातून निवृत्त झालेले सिनेटर मार्क केली यांनी इतर पाच लोकप्रतिनिधींबरोबर, बेकायदा हुकूम नाकारता येतो असं सैनिकांना सांगणारा व्हिडिओ काढला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात पेंटागॉनने त्यांना सेवेत परत बोलावून कोर्ट मार्शल करण्याची भाषा केली. "एवढ्या मोठ्या माणसाले सोडत नाहीत, मले सोडतीन का?"

बातमी खरी होती, पण कायदा तिकडचा. अमेरिकेच्या लष्करी संहितेत नियमित सेवेतून निवृत्त होऊन वेतन घेणारा माणूस त्या संहितेच्या कक्षेतच राहतो. आपल्याकडे तसं नाही. आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम २ मध्ये स्वच्छ लिहिलंय की निवृत्ती, डिस्चार्ज, मुक्तता किंवा बडतर्फी होईपर्यंतच माणूस या कायद्याखाली असतो. मी त्यांचं डिस्चार्ज बुक उघडलं. आर्मी रूल १३(३) खाली, भरतीच्या अटी पूर्ण झाल्या म्हणून, २०१९ मध्ये डिस्चार्ज. राजकीय सभेला जायला, तिथे बोलायला मनाई करणारा रूल २० आहे, पण तो कायद्याखाली असलेल्यांना. कलम १२३ सेवेनंतर तीन वर्षांपर्यंत खटल्याची मुभा देतं, पण सेवेत असताना केलेल्या गुन्ह्यासाठी. बंड, पलायन आणि फसवून भरती होणं यांना ती मुदत नाही, एवढंच. आणि हे भाषण तर निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी झालेलं.

पेन्शनच्या नियमांत पुढील सद्वर्तनाची अट आहे, हे मी लपवलं नाही. पण तिचा वापर गंभीर गुन्हा किंवा गंभीर गैरवर्तनासाठी, तोही सक्षम अधिकाऱ्याने करायचा. संघटनेच्या पदाधिकाऱ्याला कॅन्टीनमधून साबणाची वडीसुद्धा अडवता येत नाही. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने नाकरा खटल्यात १९८२ मध्येच सांगून ठेवलंय. वर्दीच्या गुन्ह्याचं म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ सैनिक नसताना सैनिक भासवण्याच्या हेतूने तसा पोशाख घालणाऱ्यासाठी आहे. हे स्टेजवर साध्या ब्लेझरमध्ये, स्वतः कमावलेली मेडल्स लावून उभे होते.

चोवीस वर्षं ज्याला राजकारणावर तोंड उघडू नकोस असं शिकवलं, त्याला तोच धाक निवृत्तीनंतर दाखवायचा, याचा मला संताप येतो. सेवेत ती शिस्त हवीच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण इथे शिस्तीची आठवण करून देणारे स्वतः विरोधी उमेदवाराच्या प्रचारात होते.

माफीनामा मी दिला नाही. संघटनेला उत्तर लिहिलं, कलम आणि अधिकार कुठला ते विचारलं. आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, असल्या पत्रांना उत्तर द्यायचं नसतं, केराची टोपली दाखवायची. मला ते पटत नाही. ज्याच्या घरी पत्र येतं त्याची झोप टोपलीत जात नाही.

मग त्यांच्या बायकोने पर्समधून मोबाइल काढून चौकातल्या फ्लेक्सचा फोटो दाखवला. उमेदवार मधोमध आणि बाजूला हे, भरतीनंतरच्या काळातल्या पूर्ण वर्दीत. खाली नुसतं 'हवालदार' आणि नाव.

"हा मात्र उतरवा," मी म्हटलं.

"काऊन जी? फोटो माझाच हाय. वर्दी माझीच होती, चोवीस वर्षं."

मी सांगितलं की निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ च्या मार्चमध्ये पक्षांना प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका असं कळवलंय. ती सूचना केंद्रीय आयोगाची आणि महापालिकेची निवडणूक राज्य आयोगाची, त्यामुळे तिच्यावर बोट ठेवून मी भांडू शकले नसते. तरी सांगितलं. भाषण तुमचं आहे, ते मागे घेऊ नका. वर्दीत मात्र आज सेवेत असलेलेही आहेत आणि त्यांना बोलायची सोय नाही.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जनरल साहेब पार्लमेंटात गेले, तवा त्यांचे फोटो?"

जनरल व्ही. के. सिंह २०१२ च्या मेअखेरीस लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले आणि २०१४ मध्ये गाझियाबादहून लोकसभेवर गेले. कायद्याने त्यात काहीच वावगं नव्हतं. मतदाराला त्यांची वर्दी फ्लेक्सशिवायही दिसत होती. हवालदाराला ती फोटो लावूनच दाखवावी लागते. माझा सल्ला आजही तोच आहे, पण तो ज्याच्यावर पडला त्याच्याकडे त्या फोटोशिवाय ओळख म्हणून दुसरं काही नव्हतं, आणि याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

फ्लेक्स त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतः शिडी लावून उतरवला. उमेदवार चिडला. १५ जानेवारीच्या मतदानापर्यंत ते पुन्हा स्टेजवर गेले नाहीत. भीतीने की रागाने, ते त्यांनी सांगितलं नाही. संघटनेने लेखी उत्तर दिलं नाही, फक्त 'जाऊ द्या आता' म्हणून फोन केला. मध्यंतरी ते पुन्हा आले. त्यांच्या लेआउटमधल्या आणखी दोघा माजी सैनिकांना तसंच पत्र गेलेलं होतं. कलम २ मराठीत, मोठ्या अक्षरात टाइप करून पाहिजे होतं, झेरॉक्स काढून वाटायला.