पित्ताचा खडा आणि स्वादुपिंडाचा दाह : माझा अनुभव

मला तीव्र (म्हणजे अचानक उद्भवलेला) स्वादुपिंडदाह, अर्थात पाचक रस तयार करणाऱ्या स्वादुपिंड या ग्रंथीचा दाह, झाल्याचे कळताच भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने आडून आडून दारूचीच चौकशी केली. गोव्यात दारू स्वस्त आहे आणि अतिमद्यपान हे या आजाराचे एक प्रमुख कारण आहेच. त्यामुळे मी फेणीला कधी तोंडही लावलेले नाही, हे कुणाला पटत नसे. डॉक्टरांनीही तेच विचारले, पण तेवढ्यावर न थांबता रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) व कॅल्शियम तपासले, चालू औषधे विचारून घेतली आणि सोनोग्राफी करवली. तीत पित्ताशयातले बारीक खडे दिसले.

दुखणे बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत आरपार जाई. उताणे पडल्यावर वाढे आणि पुढे वाकून बसल्यावर किंचित सुसह्य होई. फोंड्यातल्या एका दवाखान्यात ॲसिडिटीचे इंजेक्शन मिळाले होते. तरीही उलट्या थांबेनात म्हणून १०८ बोलावून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) गेलो. तिथे रक्तातील लायपेज हे स्वादुपिंडात तयार होणारे पाचक द्रव्य सामान्य मर्यादेच्या तिपटीहून खूप अधिक निघाले.

तरुण निवासी डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर आकृती काढून दाखवली. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका लहान आतड्यात बहुधा एकाच तोंडाने उघडतात. तिथे खडा अडकला की पाचक रसाची वाट तुंबते, आतड्यात पोचल्यावर कार्यरत व्हायचे ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे द्रव्य ग्रंथीच्या पेशींतच कार्यरत होते आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. बारीक खडे अधिक घातक, कारण तेच घरंगळत नलिकेत उतरतात, हे मला तेव्हाच कळले.

उपचार पाहणाऱ्याला अगदी साधे वाटावेत असे होते : शिरेतून रिंगर लॅक्टेट हे क्षारयुक्त सलाइन, वेदनाशामक आणि लघवीचे तासातासाचे मोजमाप. 'अँटिबायोटिक का देत नाहीत?' असे माझा मुलगा सारखा विचारी. जंतुसंसर्ग नसताना त्याचा उपयोग नसतो, असे त्याला सांगण्यात आले. खरी धास्ती मूत्रपिंड आणि फुप्फुसांची होती, कारण एखाद्या अवयवाचे कार्य ४८ तासांहून अधिक काळ बिघडलेले राहिले, तर आजार गंभीर गणला जातो. शेजारच्या खाटेवरील गृहस्थांच्या स्वादुपिंडाचा काही भाग मृत होऊन त्यात जंतुसंसर्ग झाला होता. त्यांच्या पोटात नळी घालून पू काढत. माझ्यावर ती वेळ आली नाही. उलट्या थांबून भूक लागताच मला पेज सुरू केली. पोट आठवडाभर उपाशी ठेवण्याची पद्धत आता मागे पडली आहे.

चतुर्थी तोंडावर असल्याने पित्ताशयाची शस्त्रक्रिया नंतर करावी, असा घरच्यांचा आग्रह होता. सर्जन मात्र ठाम होते : खडे तसेच ठेवून घरी गेल्यास पुन्हा झटका येण्याचा धोका मोठा. दाह सौम्य असल्याने त्याच मुक्कामात दुर्बिणीतून पित्ताशय काढले. या आजारानंतर मधुमेह जडू शकतो, म्हणून रक्तातील साखर अधूनमधून तपासायला सांगितले आहे, आणि ती मी तपासतो.