उकंड्याले हात लावू नोका

गावसफाई करायची म्हटली की पहिलं भांडण तारखेवरून होतं. शहरातली माणसं रविवार म्हणतात आणि मोकळी होतात. आमच्या दर्यापूरकडच्या गावात रविवार काय नि मंगळवार काय, सारखेच. मृगात पेरणी, मग डवरणी-निंदण, पोळ्याच्या आगेमागे मूग-उडीद, दिवाळीपासून कापूस, त्यातच तूर-हरभरा. हाती उरतो तो एप्रिल-मे, आणि तेव्हा ऊन पंचेचाळीसला टेकलेलं असतं. त्यात लग्नसराई. म्हणजे ज्या सकाळी गावातून वरात गेलेली नाही, अशी एखादी सकाळ शोधायची आणि ऊन तापायच्या आत खराटे ठेवून द्यायचे.

तारीख ठरली की निरोप. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निम्म्या गावानं अंगठा दाखवला होता, आणि सकाळीही तोच दाखवला. खरा निरोप अजून देवळाच्या भोंग्यावरूनच जातो, नाहीतर आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन द्यावा लागतो. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. १८७६ चा त्यांचा जन्म. बाबा निरोप धाडत बसत नसत. गावात शिरायचे आणि झाडायला लागायचे. लोक लाजून आपसूक मागे यायचे. आमच्यानं ते होत नाही. मी एकदा एकटाच पाराभोवती झाडत होतो, तर वरून विचारणा झाली, ‘‘काय भाऊ, यंदा वार्डातून उभे राहून रायले का?’’ हातात खराटा दिसला की लोकांना आता निवडणूक आठवते.

न बोलावता येतात ती गुरुदेव सेवा मंडळाची म्हातारी माणसं. पहाटेचं ध्यान आणि गावसफाई ही तुकडोजी महाराजांनी लावलेली सवय त्यांच्या अंगात मुरलेली आहे. येताना खराटाही घरचा आणतात. तुराट्यांचा, सुतळीनं आवळलेला. नवा खराटा नुसता धूळ उडवतो, टोकं जरा झिजली की तो जमिनीला धरून चालतो, हे त्यांच्या हाताकडे पाहून कळतं. बायका तर रोजच आपलं अंगण आणि पुढचा अर्धा रस्ता झाडतात. त्यांना अभियान समजावून सांगायला आपण कोण? त्या येतात, कमरेला पदर खोचतात आणि बोलता बोलता अर्धी गल्ली संपवतात. तरुण पोरं फोटोपुरती वाकतात असं म्हणायचा प्रघात आहे, पण नालीत उतरायला तीच लागतात. आमची माती काळी, चिकट. नालीतला गाळ पावड्याला असा धरतो की प्रत्येक खेपेला पायानं खरडून काढावा लागतो. आणि काढलेला गाळ त्याच दिवशी घमेल्यांनी उचलून नेला पाहिजे. काठावर राहिला तर पहिल्या पावसात परत आत.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग पोरं हापशीजवळच्या उकंड्याकडे, म्हणजे उकिरड्याकडे, वळली.

रस्त्याच्या कडेला ओळीनं उकंडे. ट्रॅक्टर आलेलाच आहे, लगे हात सगळं भरून गावाबाहेर टाकू, असा त्यांचा उत्साह. पहिलं पावडं पडायच्या आत समोरच्या घरातून आजी बाहेर आली. ‘‘माह्या उकंड्याले हात तं लावून पाह्य, पोट्ट्या! दोन गाड्या खत हाये थे. घेनाऱ्याशी बोलनं झालं हाये.’’

पोरं हसली, पण आजीचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. शेण, राख, कुटार, गोठ्यातली झाडलोट, असं वर्षभर साठवलेलं ते धन. उन्हाळ्यात गाडीनं वावरात जातं आणि पावसाआधी मातीत मिसळतं. पाहुण्याला तो कचरा वाटतो. मालकाला त्याचा भाव ठाऊक असतो. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं तेव्हा तपासणीची गाडी येणार म्हटलं की हेच उकंडे ताडपत्रीखाली जायचे, गाडी गेली की ताडपत्री निघायची. खत करायची याहून नेटकी रीत पुसदच्या पांढरीपांडे काकांनी शोधली होती. नाडेप म्हणतात तो हौद त्यांचाच. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, हवा खेळावी म्हणून विटांच्या भिंतीत झरोके. आमच्या गावातही एक आहे. पक्का बांधलेला. त्यात गोवऱ्या ठेवतात.

तर मग साफ काय करायचं? ते आजीनंच दाखवलं. उकंड्याच्या कडेला उकिडवी बसली आणि काटकीनं उकरून प्लास्टिकची एकेक पन्नी ओढून काढू लागली. शाम्पूच्या पुड्या, वेफरची पाकिटं, आणि सगळ्यांत जास्त खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून देतात त्याच्या, पन्न्या. तळहाताएवढ्या, चुरगळलेल्या, चुना आणि तंबाखू चिकटलेल्या. पूर्वी उकंड्यात जे पडायचं ते सगळं कुजायचं. आता खताच्या गाडीतून या पन्न्याही वावरात जातात. वखर चालवताना त्या पाशीला गुंडाळतात, मग बैल थांबवा, वाका, उपटा, पुन्हा हाका. पाऊस तोंडावर असताना हे किती वेळा करायचं!

पोरांनी पावडी टाकली आणि तीही बसली. रस्ता झाडण्यापेक्षा हे फार किचकट. बोटं शेणात, ऊन पाठीवर, आणि फोटोत दाखवण्यासारखं काहीच नाही, कारण उकंडा आधी होता तसाच नंतरही दिसतो. तरी दुपारपर्यंत ओळीतल्या सगळ्या उकंड्यांतून पोती भरून पन्नी निघाली. आजीनं आपल्या ढिगावरून पुन्हा एकदा नजर फिरवली आणि ‘‘आता ने मनावं त्याले खत,’’ म्हणून आत गेली.

त्या पोत्यांचं काय करायचं, हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. जाळायची सूचना आली. धुराच्या भीतीनं ती हाणून पाडली. भंगारवाल्यानं बाटल्या, टिनपत्रा उचलला आणि पोत्यात डोकावून म्हणाला, ‘‘हे कोन घेते, भाऊ?’’ पोती पंचायतीच्या मागच्या खोलीत पडून आहेत. पानठेल्यावाल्याशीही बोलून पाहिलं की बाबा, पन्नी बंद कर, पळसाच्या पानात दे. तो खर्रा घोटत होता. हात न थांबवता म्हणाला, ‘‘पानात बांधता येते हो, घोटता येत नाही. फाटते थे. घरून डबी घेऊन या, डबीत देतो.’’

गिऱ्हाईकांत तेव्हा आमची दोन नालीवाली पोरंही उभी होती. एकानं खिशात हात घातला, पण डबी काही निघाली नाही.