दुएनोस् नोंद : दुसऱ्या ओळीतला ‘र’ काही केल्या बसेना

मंडळी, फार जुन्या लॅटिनमधले कोरीव लेख संस्कृतशी ताडून वाचताना इटलीतल्या सात्रिकुमच्या दगडाचं टिपण-कार्ड पूर्ण झालं आणि त्याच दगडाने मातीच्या भांड्यावर कोरलेल्या दुएनोस्‌ची दुसरी ओळ पुन्हा विस्कटून टाकली. गेल्या नोंदीत लापिस नीगेरकडे (रोममधला आणखी एक प्राचीन कोरीव लेख) वळायचं ठरलं होतं, तो बेत तूर्त बाजूला ठेवतोय.

आधी आनंदाची बातमी. सात्रिकुमला १९७७ साली, मातेर मातुता या देवीच्या देवळाच्या पायात बसवलेला हा दगड सापडला. काळ साधारण इ.स.पू. ५००. त्यावर ‘पोप्लिओसिओ वालेसिओसिओ’ असं स्वच्छ कोरलेलं आहे, म्हणजे पुब्लिउस वालेरिउसचे (पुढे ‘सुओदालेस्’, त्याचे साथीदार). ‘-ओसिओ’ हा प्रत्यय मोठ्याने वाचा. रामस्य, देवस्य! सिसेरोच्या, म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकातल्या, लॅटिनमध्ये या षष्ठीचा मागमूस नाही, तिथे नुसता ‘-ई’ उरतो. शाळेत घोकलेली विभक्ती इटलीतल्या दगडावर अशी समोर आली तेव्हा मी ती ओळ कितीदा म्हटली असेन. त्याच दगडावरचं ‘स्तेतेराइ’, म्हणजे ‘त्यांनी उभारलं’, संस्कृत ‘चक्रिरे’च्या (‘त्यांनी केलं’) शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडचा तो ‘र’ मूळचा आहे. हे लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

आता दुएनोस्. नव्याने आलेल्यांसाठी एवढंच, की १८८० साली जर्मन पुरातत्त्वज्ञ ड्रेसेलला रोमच्या क्विरिनाल टेकडीवर तीन जोडकुप्यांचं हे भांडं मिळालं. ते आता बर्लिनला आहे. तीन ओळी, १२८ अक्षरं, उजवीकडून डावीकडे, आणि दोन शब्दांत कुठेही जागा सोडलेली नाही. पहिली ओळ बरीचशी लागते. ‘योवेसात् देइवोस् क्वोइ मेद् मितात्’, म्हणजे मला जो पाठवतो तो देवांची शपथ घेतो. तिच्या शेवटी ‘सिएद्’ येतं, ते आपलं ‘स्यात्’. तिसऱ्या ओळीचा शेवट ‘मालो स्तातोद्’ असा तोडायचा की ‘मालोस् तातोद्’, यावर आपण मागे भरपूर भांडलो आहोत. मी अजूनही दुसऱ्या बाजूला आहे. ‘दुष्टाने मला चोरू नये’ हा अर्थ भांड्याच्या तोंडी शोभतो, आणि चोर या अर्थाचा वैदिक ‘तायु’ त्याच्या मदतीला येतो.

घोडं अडतं ते मधल्या ओळीत. मूळ लिपीत बत्तीस अक्षरं :

आस्तेद्‌नोइसिओपेतोइतेसिआइपाकारिवोइस्

मी ही ओळ मिलिमीटरच्या कागदावर एका चौकटीत एक अक्षर अशी उतरवली आहे आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तोडण्या आखतो. (ट्रेसिंग पेपर जाड घ्या. पातळ कागदावर दोनदा खोडरबर फिरवलं की तो चुरगळतो. पेन्सिल ०.५ ची.) सोयीची तोडणी अशी : ‘ओपे तोइतेसिआइ पाकारि वोइस्’. तोइतेसिया नावाच्या कुणाच्या मदतीने ‘पाकारि’, म्हणजे शांत होणं, मनधरणी होणं, आणि ‘वोइस्’ म्हणजे तुला हवं असतं. अर्थ छान जुळतो. ‘पाकारि’ हे कर्मणी तुमन्त (‘केलं जाणं’ अशा अर्थाचं रूप) धरलं की झालं.

पण तो ‘र’! लॅटिनच्या तुमन्तातला ‘-रे’ मुळात ‘-से’ होता. ‘एस्से’मध्ये तो अजून जिवंत आहे. दोन स्वरांमध्ये सापडला की या ‘स’चा पुढे ‘र’ झाला. कर्मणी ‘-री’ त्याच घराण्यातला. ‘कविः अत्र’चं ‘कविरत्र’ करणाऱ्यांना, ‘ससजुषो रुः’ पाठ असणाऱ्यांना, स चा र होणं नवीन नाही. आपल्याकडे तो पदाच्या शेवटी होतो, तिकडे शब्दाच्या पोटात. प्रश्न आहे तो कधी झाला याचा. सिसेरो एका पत्रात सांगतो की पापिसिउस हे आडनाव सोडून पापिरिउस म्हणवून घेणारा पहिला माणूस लुकिउस पापिरिउस क्रास्सुस, आणि तो इ.स.पू. ३३९चा डिक्टेटर. दुएनोस् त्याच्या कितीतरी आधीचा. पहिल्या ओळीत ‘योवेसात्’मध्ये ‘स’ शाबूत आहे (पुढे त्याचं ‘यूरात्’ झालं). दुसऱ्याच ओळीत ‘तोइतेसिआइ’मध्येही तो शाबूत आहे. मग त्याला लागूनच आलेल्या शब्दात एकदम ‘र’ कसा? एकाच हाताने, एकाच ओळीत एक ‘स’ ठेवला आणि दुसऱ्याचा ‘र’ केला, हे मला पटत नाही. त्या काळचं तुमन्त असतं तर तिथे ‘स’च दिसायला हवा होता. सात्रिकुमवर ‘वालेसिओसिओ’त दोन्ही ‘स’ ठणठणीत पाहिल्यावर तर मुळीच पटत नाही.

मग तोडणी एक अक्षरगट मागे सरकवून पाहिली : ‘पाका रिवोइस्’. आता ‘र’ शब्दाच्या आरंभी येतो आणि त्याची तक्रार मिटते. ‘रिवोइस्’ म्हणजे प्रवाहांनी, ओहोळांनी. प्रत्ययही उजळ माथ्याने उभा राहतो, कारण इटलीतल्या गारिल्यानो नदीत सापडलेल्या प्राचीन वाडग्यावर ‘कोम् मेओइस् सोकिओइस्’ म्हणजे ‘माझ्या साथीदारांसह’ असं आहेच. तोच ‘-ओइस्’, आपल्या ‘देवैः’चा भाऊबंद. (त्या ‘सोकिओइस्’मध्ये आपला ‘सखा’ दडलेला आहे. तो वाडगा कुणी अजून वाचला नसेल तर आजच वाचा.)

अडचण अर्थाची. ‘प्रवाहांनी शांत कर’, कुणाला आणि कसल्या प्रवाहांनी? इथवर लिहीपर्यंत मी ही तोडणी नुसती पर्याय म्हणून मांडणार होतो. पण भांडं तीन कुप्यांचं आहे. त्यातून काहीतरी ओतलं जात असणार. अनेकवचनी ‘प्रवाह’ शब्दशः तीन तोंडांतून पडणाऱ्या धारा असतील तर? हा माझा तर्क आहे, पुरावा नाही, पण तो तपासून पाहण्याजोगा आहे. तेव्हा कागद पुरे, आता मातीच हवी. तीन कुप्या वळून, आखूड दांड्यांनी जोडून, ओल्यापणीच अक्षरं कोरायची आणि भाजून झाल्यावर ओतून बघायचं. एकाच हालचालीत तिन्ही तोंडांतून धार पडते की एकेका तोंडातून, एवढं कळलं तरी पुढे बोलता येईल. माती कुंभाराकडूनच आणणार. ऑनलाइन मागवलेली ‘मॉडेलिंग क्ले’ वाळताना तडकते आणि बारीक रेघ धरत नाही. कोरायला बोरू. सुईने रेघेच्या कडा उसवतात.

त्याबरोबर एक यादीही सुरू केली आहे : प्राचीन लेखांत दोन स्वरांमधला ‘स’ कुठे कुठे टिकलाय. प्राएनेस्तेच्या सोन्याच्या पिनेवरचा ‘नुमासिओइ’ आला (ती पिन बनावट असल्याचा वाद २०११च्या तपासणीने मिटवला, त्यामुळे निर्धास्तपणे घेतोय). आर्वाल बंधू या रोमन पुरोहितांच्या गीतातला ‘लासेस्’ आला, जरी तो लेख इ.स. २१८चा असला तरी. शेजारच्या रकान्यात मूळचा ‘र’ असलेले शब्द आहेत, पहिला अर्थातच ‘स्तेतेराइ’. ‘पाकारि’ वाचणाऱ्यांना या दुसऱ्या रकान्यात त्याच्यासाठी जागा काढून दाखवावी लागेल. कुणाकडे तसा युक्तिवाद असेल तर जरूर मांडा.

दुएनोस् मूळ लिपीत टंकता येतो का, असं कुणी विचारलं होतं म्हणून : युनिकोडमधली जुनी इटालिक लिपी डावीकडून उजवीकडे धावते. उलट दिशा सक्तीने लावली तरी बहुतेक फॉन्ट अक्षरांची तोंडं फिरवत नाहीत, त्यामुळे दुएनोस् टंकून खरा दिसत नाही. मी तरी हातानेच काढतोय.

लापिस नीगेर कुप्या भाजून झाल्यावर. तिथला ‘योवेस्तोद्’ यादीत नोंदवून ठेवला आहे, पण त्यात ‘स’पुढे ‘त’ आहे, म्हणून तिसरा रकाना आखावा लागला.