फुकटचे धान्य, विकतचे पाणी

मुंबईत मानखुर्दच्या खाडीकडच्या एका वस्तीत मी गेली दोन वर्षे दर शनिवारी मुलांचा अभ्यास घ्यायला जाते. ज्या घरात आमचा वर्ग भरतो, तिथल्या ताईंकडे पाच माणसांचे रेशनकार्ड आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालचे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत झाल्यामुळे माणशी ५ किलोप्रमाणे महिन्याला २५ किलो गहू-तांदूळ त्यांना एक रुपयाही न मोजता मिळतो. तो तांदूळ शिजवायला लागणारे पाणी मात्र त्या रोज विकत घेतात.

पाणी येते ३५ लिटरच्या निळ्या कॅनमधून, ज्याला वस्तीत सगळे गॅलनच म्हणतात. एका गॅलनला २५ रुपये आणि दिवसाला दोन गॅलन, म्हणजे महिन्याला १,५०० रुपये झाले आणि माणशी रोजचे पाणी पडले १४ लिटर. झोपडपट्टीसाठी महापालिकेने धरलेले प्रमाणच मुळात माणशी ४५ लिटर आहे, इमारतींसाठी ते त्याच्या निदान तिप्पट धरले जाते, आणि या घरात त्या ४५ लिटरचाही तिसरा हिस्सा पोहोचत नाही. दराचा हिशेब तर आणखी क्लेशकारक आहे. अधिकृत नळ असलेल्या घराला हजार लिटरसाठी दहा रुपयांच्या आत मोजावे लागतात. ताईंना तेवढेच पाणी सातशे रुपयांच्या वर पडते.

या पाण्याने स्वयंपाक कसा बदलतो, हे मी त्या घरात बसून पाहिले. तांदूळ एकाच पाण्यात धुतला जातो. ते धुवण पातेल्यात राखून ठेवतात, त्यात आधी कोथिंबिरीची माती काढतात आणि उरलेल्या पाण्याने खरकट्या भांड्यांना पहिला हात मारतात. पालेभाजी आणायचे त्यांनी जवळजवळ सोडले आहे, कारण पालक किंवा मेथी तीन पाण्यांतून धुतल्याशिवाय कढईत टाकता येत नाही, आणि ती तीन पाणी म्हणजे एका माणसाचे दिवसभराचे पिणे. कडधान्य भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचे, मग नव्या पाण्यात शिजवायचे, हेही परवडत नाही. वस्तीत एक बोअरिंग आहे, पण खाडीजवळचे ते पाणी खारे असल्याने क्षारांमुळे त्यात डाळ शिजत नाही. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी दाणा कडकच राहतो आणि गॅस फुकट जळतो. शेवटी बटाटा, पाव आणि मुलांच्या हातात पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट, असा दिवस निघतो. ताज्या भाजीचा बाजार दूर आहे हे खरे, परंतु तो उद्या दाराशी आला तरी या घरात भाजी शिजेलच असे मला वाटत नाही. गरीब वस्तीच्या आहाराबद्दल बोलताना आपण धान्य, भाजी, दूध मोजतो. पाणी त्या हिशेबात धरतच नाही, आणि माझ्या मते तिथेच आपली मोठी चूक होते.

मुंबईला वैतरणा, तानसा, भातसा अशा सात तलावांतून दररोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून अधिक पाणी मिळते. त्यामुळे या वस्तीत नळ नसण्याचे कारण निव्वळ टंचाई आहे, असे मला म्हणता येत नाही. झोपडी कोणत्या तारखेपूर्वीची, या प्रश्नाला नळजोडणी वर्षानुवर्षे बांधलेली होती; ठरलेल्या तारखेनंतरच्या झोपडीला अधिकृत नळ मिळत नसे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी स्पष्ट केले की पिण्याचे पाणी हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि सन २००० नंतरच्या झोपड्यांनाही ते दिले पाहिजे. पुढे मे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. ज्या शहराने गोरेगावच्या बायकांसह पाण्यासाठी लढणाऱ्या मृणाल गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले, त्या शहरात हे होण्यास इतका काळ लागावा, याचे मला फार वाईट वाटते.

सुरुवातीला मी वर्गाला जाताना घरून पाण्याची बाटली नेत असे. त्यांच्या विकतच्या पाण्यातला एक पेलाही आपण कमी करू नये, एवढाच माझा विचार होता. एका शनिवारी मी बाटली उघडली तेव्हा ताईंनी विचारले, “का हो बाई, आमच्या घरचं पाणी चालत नाही का तुम्हाला?” मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. मी बाटली पिशवीत ठेवली आणि त्यांनी पुढे केलेला पेला घेतला. तेव्हापासून मी त्यांच्याकडेच पाणी पिते.

गेल्या पावसाळ्याच्या आधी आजूबाजूच्या पाच घरांनी मिळून एका जोडणीसाठी अर्ज केला. आधारकार्ड, वीजबिल, फोटो, सगळे लावले. जमीन ज्यांच्या मालकीची आहे त्यांच्या ना हरकत पत्रावर तो अडून राहिला आहे. अर्जाची पोच ताईंनी रेशनकार्डाच्याच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. दर महिन्याला धान्य आणायला जाताना ती पिशवी उघडली जाते, तेव्हा पोच बाहेर येते आणि त्या मला तारीख वाचून दाखवायला सांगतात.